आधी वाचून दाखवा

८ जानेवारी, गुरुवार

तनूनं डायरी पाठवली. पेन बी पाठवलं, वरनं दाबलं की टोक बाहेर येतं. फोनवर म्हणाली, "आजी, बोलायला कुणी न्हाय म्हणतीस ना, मग ह्यात लिही." नात शहाणी हाय. तिचा बाप न्हाय तेवढा.

चौथी शिकले मी, ती बी अंथुर्ण्याच्या शाळेत, शेणघाण उरकून वेळ राहिला तर. अक्षर वाकडं येतं. वाचणार कोण हाय म्हणा.

प्रशासक मोरे साहेब आज यायचे हुते. आले न्हाईत. बारामती-इंदापूर धरून त्यांच्या गळ्यात कितीक सोसायट्या, त्यातली एक आमची. गुरुवार आमचा. कागदावर.

९ जानेवारी

पाण्याची मोटर जळली. जिन्यात कुणीतरी मला ऐकू जाईल असं बोललं, "खात्यावर सही साहेबाची. साहेब येणार गुरुवारी. तवर अर्ज करणारीला सांगा, घरोघर हंडा भरून दे."

अर्ज करणारी म्हंजे मी. हापशावरनं हंडा मी बी आणला. माझी कंबर काय सरकारनं दिल्याली न्हाय.

११ जानेवारी

लिंबाखाली बायका बसल्या हुत्या. मी गेले, बसले. एकीला गॅसवर दूध आठवलं. मग दुसरीला. मग सगळ्याच उठल्या. रोज असंच. मी आले की सगळ्या बिल्डिंगीचं दूध उतू जायला लागतं. एवढं दूध हाय कुणाकडं?

वाळीत टाकलंय असं कुणी म्हणत न्हाय. शिकल्याली माणसं हायेत. नुसतं दूध उतू जातं.

१३ जानेवारी

डोक्यात तेच घोळतं, एकदा लिहून टाकते.

ही जागा ह्यांनी आणि तात्यानं मिळून आणली. तात्या ह्यांचा चुलतभाऊ, माझा दीर. दोघं पुण्याला खेपा घालून घालून चपला झिजवल्या, तवा सरकारनं आमच्या समाजाच्या सोसायटीला जमीन दिली. दोन बिल्डिंगी उठल्या. मागं चार खोल्या सोसायटीच्या मालकीच्या ठेवल्या, नवऱ्यानं टाकल्याल्या, निराधार बायांसाठी, नावापुरत्या भाड्यानं. ती कल्पना ह्यांची. पाटबंधाऱ्यात शिपाई हुते, पण डोकं शिपायाचं नव्हतं.

ह्यांनी एक पद्धत पाडली. निम्म्या बायांना वाचता येत न्हाय, म्हणून ठराव आधी मोठ्यानं वाचायचा, मग हात वर, मग सही. वाचताना कुणी पेंगलं तर परत पहिल्यापासनं. लोक वैतागायचे. पण कळायचं.

हे गेले. तात्या अध्यक्ष राहिला. वाचणं बंद झालं. दर खेपंला कमिटी बिनविरोध. बिनविरोध म्हंजे आमच्या लोकांना दिवाळीपेक्षा मोठं. पेढा घेऊन पोरगं घरोघर येणार, वही पुढं धरणार, "आजी, हितं सही." सभा झाली कवा? "झाली की. पेढा घ्या."

माझ्या दारात आलं की मी म्हणायची, आधी वाचून दाखव. ते जायचं निघून. पेढा घेऊन जायचं.

मग दुरुस्तीसाठी साठवल्याल्या पैशातनं कमान बांधली. रस्त्याच्या तोंडाला, ही उंच, वर पिवळा रंग, दगडावर नावं. त्याच वर्षी श्रावणात मागच्या खोलीत सुलनच्या छताचा पोपडा पडला, तिच्या लेकराच्या उशीवर. लेकरू शाळंत हुतं म्हणून. तात्याला म्हणलं छत करा. म्हणाला, फंड संपला वैनी. म्हणलं, कशात? त्यानं कमानीकडं हात केला. अभिमानानं.

तवा अर्ज दिला निबंधकाच्या हापिसात. निवडणूक येळंत न्हाय, हिशेब तपासणी न्हाय, फंड कमानीत. चौकशी झाली, कमिटी बरखास्त, प्रशासक आला.

लिहून बी डोक्यातनं गेलं न्हाय.

१५ जानेवारी, गुरुवार

मोरे साहेब आले. माणूस बरा, पण कायम स्टँडावरनं एसटी सुटत असल्यागत बोलतो. मोटर दुरुस्तीला सही दिली. मी सुलनचं छत काढलं.

"आजी, तीन कोटेशनं लागतील. मग इस्टिमेट. मग सर्वसाधारण सभेची मंजुरी."

"कमानीला किती कोटेशनं लागली हुती?"

"एकही नाही. म्हणून तर मी इथं बसलोय."

छताला तीन, कमानीला एक बी न्हाय. नियमानं वागायचं म्हणलं की पहिला फटका गरिबाच्या छताला बसतो. पण हे मी त्यांना बोलले न्हाय, आपल्याच तोंडानं आणल्याला माणूस.

२० जानेवारी

माझ्या आणि कमळच्या स्वैपाकघरात एक भिंत. कमळ म्हंजे तात्याची बायको, माझी धाकटी जाऊ. दारं बी समोरासमोर. चहा टाकला की मी लाटण्यानं भिंतीवर ठोकायची, ती यायची. तिचा चहा झाला की ती ठोकायची. लग्न होऊन आली तवापास्नं असं, घरं बदलली पण भिंत एकच मिळाली.

आज चहा टाकला आणि हातानं आपलं आपण लाटणं उचललं. ठोकलं बी. पलीकडं भांड्यांचा आवाज चालला हुता तो थांबला. मग परत सुरू झाला.

दोन कप चहा मीच प्याले. पित्त झालं.

(पुढं कमळला नुसतं क. लिहीन. नाव लिहिलं की हात थांबतो.)

२६ जानेवारी

विलासचा फोन. "आई, कशाला पडतीस त्यात? पुण्याला ये की."

म्हणलं, तुमच्या सोसायटीत सभेला जातोस का?

"नोटीस मोबाईलवर येती. कोण जातंय सुट्टीच्या दिवशी."

म्हंजे तितं बी तसंच. फक्त पेढा न्हाय.

१ फेब्रुवारी

सुलनच्या खोलीवर गेले. पोरगी खानावळीत चपात्या लाटती, दुपारी घरी असती. छताखाली जुनं लुगडं बांधलंय चार खिळ्यांना, झोळी केल्यागत. पोपडे झेलायला. झोळीत दोन-तीन खपल्या सिमेंटच्या पडल्याल्या, चिंचंएवढ्या.

दार उघडलं पण आत ये म्हणाली न्हाय. उंबऱ्यावरच.

"मावशी, तुमी माज्यासाठी भांडू नका."

"तुझ्यासाठी न्हाय भांडत. छतासाठी."

"छत पडलं तर मरंन. खोली गेली तर कुठं जाऊ ते सांगा. तात्यांनी दिलीय खोली."

"तात्यानं न्हाय, सोसायटीनं."

"सोसायटी म्हंजी तात्याच की."

ह्याचं उत्तर मला वाटंत सुचलं, पण तवर दार लागलं हुतं.

३ फेब्रु.

पिठलं केलं. एका माणसाचं पिठलं हुतच न्हाय, कायम उरतं. कुत्र्याला घातलं. कुत्रं सुद्धा क.च्या दारातलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सभा. लिंबाखाली. मोरे साहेबांनी तपासणीचा अहवाल मोठ्यानं वाचला, पहिल्यापासनं शेवटापतुर. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच आमच्यात काहीतरी वाचलं गेलं. लेकरं सुद्धा गप हुती.

कुठल्या फंडाला हात लावायचा न्हाय, कुणाची मंजुरी लागती, सभेच्या वहीवर सह्या सभेच्या आधीच्या तारखेला कशा आल्या, सगळं. मला वाटलं आता लोक तात्याकडं बघतील.

लोकांनी माझ्याकडं बघितलं.

तात्या उठला. धोतराचा सोगा सावरत म्हणाला, "एक रुपया जर ह्या हातानं घरला नेला असंल तर आत्ता सांगा. कोण बी सांगा."

कुणी बोललं न्हाय. मी बी न्हाय. त्यानं खाल्ला न्हाय ते मला ठाव हाय, त्याच्या स्वैपाकघराची भिंत माझी हाय, तितं काय शिजतं ते मला कळतं. खाल्ला असता तर सोपं झालं असतं. चोर पकडला की मिटतं. ह्यानं सगळ्यांच्या पैशानं सगळ्यांसाठी कमान बांधली आणि सगळ्यांना आवडली.

तात्या म्हणाला, "आजवर गावकुसाबाहेर राह्यलो. आज ह्या रस्त्यानं जाणारा मान वर करून आमच्या कमानीचं नाव वाचतो. हे चूक झालं म्हणता? आन् वैनी, त्या दगडावर पहिलं नाव कुणाचं हाय?"

ह्यांचं हाय. कालकथित नामदेव, संस्थापक. मोठ्या अक्षरात.

टाळ्या पडल्या. मी पदर सारखा केला आणि म्हणलं, "नाव काढा आणि तेवढा दगड सुलनच्या छताला लावा."

एक बी माणूस हसला न्हाय. हे असते तर हसले असते.

छताची मंजुरी मात्र झाली. हात वर झाले. सगळे एकदम न्हाय, एक एक करून, शेजाऱ्याचा बघून.

१३ फेब्रु.

भाजी घेताना समोरनं आल्यालीला जयभीम घातला. तिनं भाव विचारला. भेंडीचा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज वाईट ऐकलं.

मोरे साहेब म्हणाले, वरनं पत्र आलंय, फंड नियमाबाहेर खर्च झाला त्याची जबाबदारी निश्चित हुणार. म्हंजे काय? म्हंजे कमिटीतल्या माणसांनी आपल्या खिशातनं भरून द्यायचं. तात्याच्या सह्या हायेत, तर सगळ्यात जास्त वाटा तात्याचा.

"कुठनं भरंल? पेन्शन केवढीशी."

"ते कायदा विचारत नाही, आजी."

"मग कायदा विचारतो काय?"

"सही कुणाची, एवढंच."

घरी येऊन बसले. मी छत मागितलं हुतं.

२० फेब्रु.

काही न्हाय.

२४ फेब्रुवारी

सकाळी भिंतीपलीकडनं तात्याचा आवाज. हळू बोलणारा माणूस, पण आज चढला हुता. "आण म्हणतोय ना पाटल्या." क. काही बोलली असंल, ऐकू आलं न्हाय. मग कपाटाचं दार. त्याला आवाज हाय, तेल घालायला मीच सांगायची.

त्या पाटल्या तिच्या आईच्या. सोमेश्वरनगरला तिची आई ऊसतोडीच्या टोळीत कोयता घेऊन हुती. तोडीच्या कमाईतनं एक, मग कितीक वर्सांनी दुसरी. दोन्हींची घडण वेगळी हाय, नीट बघितलं तर कळतं.

मी छत मागितलं हुतं, क.च्या पाटल्या न्हाय.

५ मार्च, गुरुवार

मोरे साहेबांची वाट न बघता हापिसात गेले. रिक्षावाल्यानं जास्ती घेतले, मी बी त्याच्या मीटरची आई काढली.

बाकावर बसवून ठेवलं. मग बाई आल्या टेबलावर. पोरगीच म्हणा, तनूपेक्षा थोडी मोठी. म्हणलं, "माझा अर्ज मागं घ्यायचाय."

"का आजी? कुणी दबाव टाकला?"

"दबाव टाकायला जवळ तर यायला पायजे कुणी."

तिनं फाईल आणली. माझा अर्ज सगळ्यात खाली गेला हुता, वर ह्या एवढ्या कागदांची चळत. म्हणाली, "आजी, हा आता तुमचा अर्ज राहिला नाही. कार्यालयाचं प्रकरण झालंय."

"मला वसुली नको. मला छत पायजे, आणि ठराव वाचून दाखवल्याला पायजे. एवढंच."

"तसा वेगळा प्रकार नाही आमच्याकडं."

पण पोरगी चांगली. उठून पाणी दिलं. म्हणाली, तात्यांना म्हणा, खुलाशाला मुदत आहे, छत दुरुस्त करून घ्या, फंड हप्त्यानं परत भरायचा ठराव नवीन कमिटीनं केला तर विचार होऊ शकतो. पण कमिटी नीट निवडून यायला पाहिजे. नीट म्हंजे? "म्हणजे लोकांना माहीत असेल की ते कुणाला निवडतायत."

हे तात्याला सांगायचं कुणी? मी? क.मार्फत? क. कुठाय?

९ मार्च

शेवटी तात्याला जिन्यात गाठलं. हापिसातल्या पोरीनं सांगितल्यालं सगळं सांगितलं. तो पायरीवर उभा, मी खाली.

"वैनी, तुमी आधी घर पेटवायचं आन् मग बादली आणून द्यायची व्हय?"

"बादली घे तर खरं."

"आमच्यात आजवर निवडणूक लागली न्हाय. लागणार बी न्हाय. कमिटी ठरलीय."

"कुठं ठरली?"

"ठरली."

वर गेला. गुडघा दुखतो त्याचा, कठडा धरून गेला. म्हातारा झालाय. मी बी झाले असन, सांगणारं कुणी न्हाय म्हणून कळत न्हाय.

१७ मार्च

ताप. पेज.

१९ मार्च

उतरला. दार बंद हुतं तेवढे दिवस कुणी वाजवलं न्हाय. दूधवाल्यानं पिशव्या कडीला अडकवून ठेवल्याल्या, त्याला वाटलं गावाला गेले. नासल्या.

मेले असते तर वासानं कळलं असतं. दुधाच्या का माझ्या, एवढाच सवाल.

विलासला सांगितलं न्हाय. तो येतो, घाबरतो, औषधं आणतो आणि घड्याळ बघतो.

२ एप्रिल, गुरुवार

सुलनच्या छताची तीन कोटेशनं आली. एक कन्हेरीच्या गवंड्याचं, ते सगळ्यात कमी. मोरे साहेबांनी माझ्यासमोर पाकिटं फोडली, वाचून दाखवली. पुढच्या महिन्यात काम. सुलन लांब उभी राहून ऐकत हुती. मी बघितलं तर चपात्याच्या पिठाचा हात झटकत निघून गेली.

छत हुईल. त्यात माझं काय? काही न्हाय. मला छत हायच.

१४ एप्रिल

जयंती. कमानीला लायटिंग, फुलांच्या माळा. पांढरं लुगडं नेसून गेले. न जाऊन कसं चालंल, सण माझा बी हाय.

वंदना झाली. सगळ्यांबरोबर म्हणले, तेवढा वेळ बरं वाटलं. सगळ्यांचा आवाज एक हुता, त्यात माझा कोणता ते कुणाला काढून टाकता येत नव्हतं.

मग खीर. वाढायला क. हुती. रांगेत माझ्या पुढच्याला एक पळी. मला दोन. डोळं खाली. मी पत्रावळ धरून उभी, मागची म्हणाली, सरका.

कोपऱ्यात बसून खाल्ली. वर बघितलं तर ह्यांचं नाव. लायटिंगचा एक बल्ब ‘संस्थापक’वर उघडझाप करत हुता. चांगली दिसते कमान. हे लिहायचं नव्हतं, पण दिसते.

हात मोकळे हुते क.चे. वाढताना बघितले. पाटल्या न्हाईत.

१६ एप्रिल, गुरुवार

निवडणूक लागली. मोरे साहेब पुढच्या गुरुवारी लिंबाखाली टेबल टाकून बसणार, अर्ज घ्यायला, दुपारी तीनपतुर. अर्जावर उमेदवाराची सही, एक सूचक, एक अनुमोदक, दोघं बी सभासद पायजेत.

जेवढ्या जागा तेवढेच अर्ज आले की बिनविरोध. मग तात्या म्हणंल ती कमिटी. परत पेढा.

कमिटीत बाईसाठी राखीव ठेवल्याल्या जागेवर तात्यानं क.चं नाव ठरवलंय. हे मला दूधवाल्याकडनं कळलं. आता तोच एक वार्ताहर.

१७ एप्रिल

रात उलटली तरी तेच ठरलं. बाईच्या जागेला अर्ज मी भरणार.

क.च्या विरोधात. तिला हरवायचं न्हाय मला. क.ला कमिटीत बसायचं बी न्हाय, ते मला ठाव हाय, ती सभेला जायची ते माझ्या शेजारी बसून शेंगा सोलायला. पण दुसरा अर्ज आला की लोकांना विचारावं लागतं. लोकांना विचारायचं म्हणलं की आधी सांगावं लागतं. एवढंच पायजे. मग हरले तरी चालंल.

हरणारच हाय.

१८ एप्रिल

सुलन आली. स्वतःहून. दारात उभी राहून म्हणाली, मी सही करू का सूचक म्हणून?

"तू सभासद न्हाईस बाई. भाडेकरूची सही चालत न्हाय."

"व्हय का." मग म्हणाली, "म्हंजी ज्याच्या डोक्यावर पडतंय त्याची सही चालत न्हाय."

ही पोरगी वाटली हुती तेवढी भित्री न्हाय. आत बोलावलं. चहा घेतला तिनं. कामाला उशीर हुतो म्हणून बशीत वतून, भुरके मारत. कितीक दिवसांनी दुसऱ्याचा भुरका ऐकला.

१९ एप्रिल

वरच्या मजल्यावरच्या कोंडिबा आबांकडं गेले. आबांना ऐकू येत न्हाय, सगळं दोनदा ओरडून सांगितलं, त्यामुळं आता सगळ्या बिल्डिंगीला ठाव हाय.

"अनुमोदक म्हंजी काय गं?"

"म्हंजे माझ्या मागं उभं राहायचं."

"मला उभंच राहता येत न्हाय."

"मग बसून करा सही."

केली. म्हणाले, "माज्याशी कोण बोलायचं बंद करणार? बोललं तरी मला काय कळतंय." हसले. दात न्हाय एक.

एक झाला. सूचक राहिला.

२० एप्रिल

चार दारं वाजवली. एकीचा नवरा घरी न्हाय. एकाचा हात दुखतो. एकानं सांगितलं, आजी, तुमचं खरं हाय, पण. पणच्या पुढं काही आलं न्हाय. चौथं दार उघडलंच न्हाय, आत टीव्ही चालू हुता.

२१ एप्रिल

परत दोन दारं. दूध.

२२ एप्रिल

दुपारी भाकरी खाऊन पडले हुते. तात्या गावात गेल्याला, चपलांचा आवाज ऐकला हुता उतरताना. दार ढकललं कुणीतरी. ठोकलं न्हाय, ढकललं. फक्त क.ची ती सवय.

आली. खाटंवर बसली, तिच्या जागेवर, खिडकीच्या बाजूला. मी उठून चहा टाकला. काय बोलायचं असतं अशा वेळी ते चौथीपतुर शिकवत न्हाईत.

चहा ठेवला तशी तिनं कमरंचा कागद काढला, घडी सोडली, माझ्यापुढं धरला.

"आक्का, हे काय हाय वाच."

तिला वाचता येत न्हाय, सही तेवढी येती. लाईटबिलापास्नं दवाखान्याच्या चिठ्ठीपतुर आजवर सगळं मी वाचून दाखवलं. मधे एवढे महिने कुणी दाखवलं असंल?

वाचलं. तिचाच अर्ज. बाईच्या जागेसाठी. सूचक, अनुमोदक, दोन्ही सह्या झाल्याल्या. खाली ओळ, "मी या निवडणुकीस उभे राहण्यास संमती देते." त्याच्यापुढं तिच्या सहीची जागा मोकळी.

"संमती म्हंजी?"

"म्हंजे तुला पायजे हाय असं."

"मला कुणी इचारलं?"

मी कप तिच्याकडं सरकवला.

"हे म्हणले, हितं सही कर, उद्या द्यायचाय. म्हणलं, आधी वाचून दाखवा. तर म्हणले, तू बी तसलीच निघालीस." चहाचा घोट घेतला. "तसलीच म्हणले."

मग म्हणाली, "आन् तुजा कागद कुठाय?"

डब्याखालनं काढला. वाचला. शब्द सगळे तेच, नाव तेवढं वेगळं. आबांची सही वाकडी, खाली उतरत गेल्याली. सूचकाची जागा मोकळी. ती बी वाचून दाखवली. मोकळी हाय असं.

"दोन्ही सारकंच हाय की."

"सारखंच असतं."

"मग भांडण कशाचं हाय?"

हापिसात, सभेत, जिन्यात, सगळ्यांना उत्तरं दिली. हिला काय सांगावं? म्हणलं, "दोन कागद असले तर लोकांना वाचावं लागतंय. एकच असला तर कुणी वाचत न्हाय."

तिनं दोन्ही कागद मांडीवर, शेजारी शेजारी, लहान पोराचं अंथरूण सारखं करावं तसे सारखे केले. पाटल्यांच्या जागी मनगट पांढरं पडलंय.

मी म्हणलं, "पाटल्यांचं मला नको हुतं, कमळ."

"ठाव हाय."

एवढंच. राग हाय का गेला, त्यावरनं कळलं न्हाय.

उठली. दोन्ही कागदांची घडी केली, एकात एक घालून, आणि कमरंला खोवली. माझा बी. मी अडवलं न्हाय. दारात थांबून म्हणाली, "साखर कमी घालायला लागलीस."

गेली. समोरचं दार उघडल्याचं ऐकलं, लागल्याचं ऐकलं. मग काही न्हाय.

आता लिहायला बसले तर पेन न्हाय. खाटंवर हुतं, तिच्या बाजूला. खाटंखाली बघितलं, चादर झटकली. हे तनूच्या जुन्या पेन्सिलीनं लिहितीय.

माझ्या कागदाच्या कोपऱ्याला चहाचा डाग हाय. वाचता आलं न्हाय तरी तेवढ्यावरनं तिला कुठला कुणाचा ते कळंल.

जिन्यात चप्पल वाजली. तात्या आला. कठडा धरून, एक एक पायरी.

उद्या तीनला टेबल उठतं.